ऑनलाइन कोर्ससाठी स्लाइडचा आकार आणि चित्रांचं रिझोल्यूशन: मराठवाड्यातल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

लातूरच्या क्लासेसवाल्यांपासून परभणी-हिंगोलीकडे शेतीचे छोटे कोर्स करणाऱ्यांपर्यंत बरेच जण आता घरच्या घरी व्हिडिओ बनवतात. माइक चांगला असतो, विषय पक्का असतो, आणि तरी विद्यार्थ्याचा मेसेज येतो, 'सर, अक्षरच दिसंना.' हे पान त्या मेसेजवर उत्तर म्हणून लिहिलं आहे. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स किंवा कॅन्व्हा, यातलं काहीही वापरत असाल तरी चालेल.

थोडक्यात सांगा, स्लाइड किती बाय किती ठेवू?

१६:९ प्रमाण, १९२० × १०८० पिक्सेल. नवीन कोर्स असेल तर यावर फार विचार करत बसू नका. यूट्यूबचा प्लेअर, आजचे बरेचसे लॅपटॉप, टीव्ही, शाळांमधले नवे इंटरॅक्टिव्ह पॅनल याच प्रमाणाचे आहेत. खरा घोळ आकारात नसतो. तो अक्षरांच्या मापात आणि चित्रं कुठून, कशी आणली यात असतो, म्हणून पुढची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

पॉवरपॉइंटमध्ये पिक्सेल दिसतच नाहीत, इंच दिसतात. मग १९२० × १०८० कसं करायचं?

२०१३ च्या आवृत्तीपासून पॉवरपॉइंटची नवी फाइल १३.३३ × ७.५ इंचांची उघडते. प्रमाण १६:९ च असतं. व्हिडिओ काढायचा असेल तर यात काहीही बदलू नका. एक्स्पोर्टमध्ये 'क्रिएट अ व्हिडिओ' घेऊन 'फुल एचडी' निवडलं की १९२० × १०८० चा व्हिडिओ मिळतो.

अडचण येते ती स्लाइड चित्र म्हणून सेव्ह करताना. तेव्हा पॉवरपॉइंट इंचाला ९६ पिक्सेल धरतं, त्यामुळे १३.३३ इंचांची स्लाइड १२८० × ७२० ची निघते. ती चित्रं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून फुल एचडी व्हिडिओ केला की सगळं किंचित धूसर दिसतं, आणि दोष नेमका कुठला ते सापडत नाही. चित्रंच काढायची असतील तर कोर्स सुरू करायच्या आधी 'डिझाइन' टॅबमधल्या 'स्लाइड साइज'मध्ये जाऊन २० × ११.२५ इंच ठेवा. वीस गुणिले ९६ म्हणजे बरोबर १९२०. अर्धा कोर्स झाल्यावर हा बदल करू नका, सगळी मांडणी पुन्हा तपासत बसावं लागेल.

अक्षर किती पॉइंटचं ठेवू? २४ पुरतं का?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

आधी गणित. इंचाला ७२ पॉइंट, म्हणून ७.५ इंच उंचीची स्लाइड म्हणजे ५४० पॉइंट. फुल एचडीमध्ये तिची उंची १०८० पिक्सेल होते, म्हणजे एका पॉइंटला दोन पिक्सेल मिळतात आणि २४ पॉइंटचं अक्षर ४८ पिक्सेलचं होतं. तुमच्या लॅपटॉपवर ते झकास दिसतं. पण विद्यार्थी शिरूर अनंतपाळच्या एखाद्या वाडीवर, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर बघतोय, आणि यूट्यूबने क्वालिटी ३६०पी वर, म्हणजे चित्राच्या उंचीत फक्त ३६० पिक्सेल ओळींवर, उतरवली आहे. आता तेच अक्षर १६ पिक्सेलचं झालं. मात्रा, वेलांटी, रफार, उकार आणि जोडाक्षर, सगळं त्या सोळा ओळींत बसवायचं. अनुस्वाराच्या टिंबाला जेमतेम दोन पिक्सेल उरतात.

इंग्रजी अक्षरं एवढ्यावर भागवतात, देवनागरीचं भागत नाही. 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक तो किती, एका शिरोरेषेचा आणि वळणाचा. गणिताच्या स्लाइडवर 'घन संख्या' आणि 'धन संख्या' दोन्ही अर्थपूर्ण आहेत, त्यामुळे विद्यार्थी चुकीचं वाचतो आणि त्याला ते कळतही नाही. 'भार' चा 'मार' होतो तो असाच. 'ष्ट्र', 'द्ध', 'ङ्म' यांचा तर नुसता काळा ठिपका उरतो.

दुसरं, पडद्याचा प्रत्यक्ष आकार. साडेसहा इंची फोन उभा धरला की पडद्याची रुंदी साधारण सात सेंटीमीटर भरते आणि त्यात १६:९ चा व्हिडिओ चार सेंटीमीटर उंचीचा दिसतो. तुमची स्लाइड १९ सेंटीमीटर उंचीची, म्हणजे ती एक पंचमांश झाली. २४ पॉइंटचं अक्षर डोळ्याला पाच पॉइंटचं. 'फोन आडवा धरा' असं सांगून उपयोग होत नाही, कारण पोरं एका हाताने वही लिहीत असतात.

म्हणून माझी मापं अशी: पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या स्लाइडवर मजकूर ३२ पॉइंट, शीर्षक ४४ च्या पुढे, आणि आकृतीतली नावंसुद्धा २८ च्या खाली नको. ओळींतलं अंतर १.३ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. एवढ्या मापात सहा-सात ओळींपेक्षा जास्त मजकूर बसत नाही. तो बसू नये असंच मला वाटतं. राहिलेलं तोंडाने सांगायचं, आपण शिक्षक आहोत.

गूगल स्लाइड्समध्ये पण ३२ च का?

नाही. गूगल स्लाइड्सचं पान मुळात लहान आहे, १० × ५.६३ इंच. त्याची उंची साधारण ४०५ पॉइंट भरते. तिथलं २४ पॉइंटचं अक्षर पॉवरपॉइंटमधल्या ३२ एवढंच दिसतं. उलट वर सांगितलेल्या २० × ११.२५ इंचांच्या स्लाइडवर तोच परिणाम हवा तर ४८ पॉइंट घ्यावे लागतात. एका सॉफ्टवेअरमधला आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा नेऊ नका. लक्षात ठेवायला सोपं माप हवं असेल तर असं घ्या: अक्षराचा पॉइंट हा स्लाइडच्या उंचीच्या साधारण सतराव्या हिश्शाएवढा हवा.

आमच्या संस्थेत ३०० डीपीआयची चित्रंच हवीत म्हणतात. खरं का?

डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. छपाईसाठी खरं, पडद्यासाठी निरर्थक. पडद्याला इंच कळत नाहीत, फक्त पिक्सेल कळतात. १९२० × १०८० चं चित्र ७२ डीपीआय म्हणून सेव्ह करा किंवा ३०० म्हणून, पडद्यावर काडीचा फरक पडणार नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'डायमेन्शन्स' बघा, तेवढं पुरे.

डीपीआय खरोखर कामाला येतो तो स्कॅन करताना, कारण तिथे खरा कागद असतो आणि त्याचे इंच मोजता येतात. ४ × ६ इंचांचा जुना फोटो ३०० वर स्कॅन केला की १२०० × १८०० पिक्सेल मिळतात. ए४ कागद ३०० वर २४८० × ३५०८ होतो, म्हणजे स्लाइडला हवं त्याहून भरपूर. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या धड्यासाठी एखाद्या घरातला पासपोर्ट आकाराचा फोटो मिळाला असेल तर ६०० वर करा. मूळ कागदच छोटा आहे आणि तो पुन्हा मिळेलच असं नाही.

चित्र किती पिक्सेलचं हवं हे पटकन कसं ओळखायचं?

स्लाइडचा जेवढा भाग चित्राने व्यापला आहे तेवढा १९२० चा हिस्सा धरा. पूर्ण स्लाइड असेल तर १९२० रुंदी, अर्धी असेल तर ९६०, पाव असेल तर ४८०. थोडं कमी असलं तर चालतं. १६०० रुंदीचं चित्र पूर्ण स्लाइडवर ताणलं तरी सहसा कुणाला कळत नाही. ६०० चं ताणलं की मात्र लगेच कळतं.

याला अपवाद, चित्रात आत शिरून दाखवायचं असेल तेव्हा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातातलं कमळ, किंवा पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून दाखवायचा असेल, तर जितके पट झूम तितके पट पिक्सेल लागतील. दुप्पट झूमला ३८४० रुंदीचं मूळ चित्र हवं.

मोबाइलने काढलेले फोटो चालतील का?

उत्तम चालतील. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटोसुद्धा ४००० × ३००० असतो. कापसाच्या कोर्ससाठी गुलाबी बोंडअळीचा फोटो काढताय असं समजा. फोडलेलं बोंड फोटोच्या पाव रुंदीत आलं असलं तरी कापून घेतल्यावर १००० पिक्सेल उरतात, अर्ध्या स्लाइडला ते पुरतात. पण कॅमेऱ्याचा डिजिटल झूम वापरू नका. त्याने पिक्सेल वाढत नाहीत, असलेलेच ताणले जातात. झाडाजवळ जा, सकाळच्या उजेडात काढा. डोमकळी, म्हणजे बोंडअळीमुळे न उमललेलं फूल, दाखवायची असेल तर मागे हाताचा तळवा धरा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो आणि कॅमेऱ्याचा फोकसही मागच्या रानात पळत नाही.

फोन आडवा धरून काढा. उभा फोटो आधीच काढला असेल तर तो स्लाइडच्या एका बाजूला पूर्ण उंचीने लावा आणि उरलेल्या जागेत मजकूर घ्या. रुंदीकडून ओढून तो आडवा करू नका. ओढलेल्या फोटोत माणसं बुटकी आणि बैल लांबलचक दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो स्लाइडवर फाटल्यासारखा दिसतो. असं का?

व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. पाठवणाऱ्याला सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. २०२३ पासून 'एचडी'चा पर्यायही आहे, पण मूळ ते मूळच. आणि ग्रुपमधून चार ठिकाणी फिरून आलेला फोटो मुळात मागूच नका, ज्याने काढला त्याला गाठा.

याच जातीची दुसरी गडबड गूगलच्या चित्र-शोधात होते. शोधाच्या पानावर दिसतं ते लघुचित्र असतं. तिथेच 'कॉपी' केलं तर दोन-तीनशे पिक्सेलचा तुकडा हाती येतो. मूळ पान उघडून तिथलं चित्र घ्या, आणि ते वापरायची परवानगी आहे का हेही तिथेच बघा. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. पैसे घेऊन कोर्स विकणार असाल तर हे टाळू नका.

चित्र चांगलं होतं, फाइल पुन्हा उघडली तर खराब झालेलं. हे कसं?

पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं दाबतं. नेहमीची मर्यादा इंचाला २२० पिक्सेल असते, ती वाईट नाही. पण ती मोजली जाते चित्र त्या वेळी स्लाइडवर जेवढं आहे त्या मापाने. चित्र कोपऱ्यात दोन इंचांचं ठेवून सेव्ह केलं तर आत ४४० पिक्सेलच शिल्लक राहतात. दुसऱ्या दिवशी तेच ओढून स्लाइडभर केलं की ते फाटणारच. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' इथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर खूण करा. ही खूण त्या फाइलपुरतीच लागते, नव्या फाइलला पुन्हा करावी लागते. मूळ चित्रांचा फोल्डर वेगळा ठेवा, हे तर आलंच.

जेपीजी की पीएनजी?

फोटो असेल तर जेपीजी. नकाशा, आलेख, स्क्रीनशॉट, समीकरण, म्हणजे ज्यात रेघा आणि अक्षरं आहेत ते पीएनजी. जेपीजीमध्ये अक्षराच्या कडेला डास बसल्यासारखे ठिपके येतात.

नकाशावरची नावं वाचताच येत नाहीत. चित्र आणखी मोठं घेऊ का?

चित्र मोठं घेऊन उपयोग नाही, कारण शेवटी ते १०८० ओळींतच बसणार आहे. मराठवाड्याच्या नकाशावर आठ जिल्ह्यांची नावं आरामात बसतात. ७६ तालुक्यांची नावं एका स्लाइडवर टाकाल तर फोनवर त्यांच्या मुंग्या होतील. तालुके दाखवायचे असतील तर जिल्हावार आठ स्लाइड करा. गोदावरीचं खोरं शिकवताना पहिल्या स्लाइडवर नुसती गोदावरी आणि पैठणचा नाथसागर, दुसरीवर पूर्णा आणि दुधना, तिसरीवर मांजरा आणि तेरणा असं वाढवत न्या. तयार नकाशावर छापून आलेली नावं पुसून, तीच नावं पॉवरपॉइंटच्या टेक्स्ट बॉक्समध्ये स्वतः टाइप करा. कंटाळवाणं काम आहे, पण नकाशे सुधारायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचा आलेख असो की पावसाच्या आकडेवारीचा तक्ता, हाच हिशोब. तक्त्यातल्या दहा ओळींपैकी ज्या तीन तुम्ही बोलणार आहात तेवढ्याच स्लाइडवर ठेवा, पूर्ण तक्ता पीडीएफमध्ये द्या.

माझा लॅपटॉप १३६६ × ७६८ चा आहे. मग फुल एचडी कोर्स होणारच नाही का?

होतो. स्क्रीन रेकॉर्डरने पडदा टिपणार असाल तर पडद्यावर जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच मिळतील. ओबीएस या रेकॉर्डरमध्ये आउटपुट १९२० × १०८० लिहिलं तरी ते ताणलेलंच असेल. पण पॉवरपॉइंटमध्येच आवाज रेकॉर्ड करून तिथूनच व्हिडिओ एक्स्पोर्ट केला तर पडद्याच्या मापाचा संबंध राहत नाही, प्रत्येक स्लाइड नव्याने पूर्ण मापात काढली जाते. जुन्या लॅपटॉपवर वेळ लागेल, म्हणून लाइट जाण्याच्या वेळा बघून लावा. अर्ध्यात बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डरच वापरायचा असेल तर १२८० × ७२० वर समाधान माना. अक्षर मोठं असेल तर ७२०पी मध्ये कोर्सचं काही बिघडत नाही.

मग ४के मध्ये करू का, म्हणजे पुढचा प्रश्नच मिटेल?

नको. फाइल फुगते, अपलोडला रात्र जाते, आणि बघणारा ४८०पी वरच बघतो.

विद्यार्थ्यांचा डेटा वाचावा म्हणून स्लाइडमध्ये काय करता येईल?

बरंच काही. हिशोब असा की १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला साधारण ४५० एमबी घेतो. यूट्यूबने अपलोडसाठी सुचवलेला दर ७२०पी ला ५ एमबीपीएस आणि १०८०पी ला ८ एमबीपीएस आहे. तुमची एक तासाची मूळ फाइल या दराने अनुक्रमे सव्वादोन आणि साडेतीन जीबीच्या आसपास जाते. विद्यार्थ्यापर्यंत पोचतं ते यूट्यूबने पुन्हा दाबलेलं.

आता व्हिडिओ दाबला कसा जातो ते बघा. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच साठवतात. स्थिर, सपाट पार्श्वभूमीची स्लाइड दोन मिनिटं तशीच राहिली तर जवळजवळ काहीच खर्च होत नाही. उलट मागे हलणारे ढग, चमकणारे कण, प्रत्येक ओळीला गिरकी घेणारं अ‍ॅनिमेशन असेल तर सगळे बिट तिथेच संपतात आणि अक्षरांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून कमी नेटवर्कवर भपकेदार टेम्प्लेट आधी फाटतो आणि साधी पांढरी स्लाइड टिकून राहते.

रंगांचंही तसंच. व्हिडिओत उजेड-अंधाराची माहिती पूर्ण मापात साठवतात, रंगाची मात्र रुंदी आणि उंची दोन्हीकडून निम्म्या मापात. लाल अक्षर निळ्या पार्श्वभूमीवर ठेवलं की दोन्हींचा गडदपणा जवळपास सारखा, फरक फक्त रंगाचा, आणि रंगच अर्धवट साठवलेला. त्यामुळे कडा विरघळतात. पांढऱ्यावर काळं, गडद निळ्यावर पांढरं किंवा फिकट पिवळं ठेवा. वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या मजकुरासाठी ४.५:१ एवढा कॉन्ट्रास्ट मागितला आहे. तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात.

जुन्या ४:३ स्लाइड आहेत. सगळ्या बदलू?

नुसतं व्हिडिओपुरतं बघायचं तर ४:३ ची स्लाइड फुल एचडीमध्ये १४४० × १०८० एवढी दिसते, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. वाचायला अडचण होत नाही. दरवर्षी लागणारे धडे बदला, बाकीचे राहू द्या. बदलताना वर्तुळं लंबगोल झाली नाहीत ना, एवढं तपासा. वर्गातला प्रोजेक्टर अजून १०२४ × ७६८ चा असेल तर उलटी गंमत होते: १६:९ ची स्लाइड त्यावर १०२४ × ५७६ मध्ये बसते, वर-खाली पट्ट्या. वर्ग आणि ऑनलाइन दोन्हीकडे तीच फाइल वापरायची असेल तरी मी १६:९ च घेईन.

उभा, रीलसारखा कोर्स केला तर?

प्रवेशाच्या जाहिरातीला १०८० × १९२० ठीक आहे. धड्याला नको, एक समीकरण चार ओळींत तुटतं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतंच काही दिसतं.

रिझोल्यूशनशी याचा संबंध नाही, तरी प्रश्न इतका येतो की इथे घेतला. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर कचराच दिसणार. युनिकोडमध्ये टाइप करा. 'मुक्त' (Mukta), 'नोटो सान्स देवनागरी' असे मोफत फॉन्ट छान आहेत, फक्त फार बारीक वजनाचे घेऊ नका. मध्यम किंवा ठळक घ्या, ३६०पी ला शिरोरेषा टिकते. फाइल पाठवताना 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये फॉन्ट एम्बेड करा.

स्लाइडच्या कडेपर्यंत मजकूर न्यावा का?

खालची पट्टी मोकळी ठेवा, तिथे सबटायटल आणि प्लेअरची बटणं येतात. तुमचा चेहरा कोपऱ्यात दाखवणार असाल तर तो कोपरा मास्टर स्लाइडवरच, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यावरच, रिकामा करून ठेवा. नाहीतर उत्तराचा शेवटचा आकडा नेमका सरांच्या कानामागे जातो.

याच स्लाइडची पीडीएफ नोट्स म्हणून द्यावी का?

द्या, पण ती झेरॉक्सच्या दुकानात जाणार हे धरून चला. व्हिडिओला शोभणारी गडद निळी पार्श्वभूमी झेरॉक्सवर काळपट डाग होऊन येते आणि दुकानदार शाईचे पैसे मागतो ते वेगळंच. पांढऱ्या पार्श्वभूमीची एक प्रत काढा. उभ्या ए४ वर दोन स्लाइड घेतल्या तर ३२ पॉइंटचं अक्षर कागदावर साधारण १८ चं उतरतं. सहा घेतल्या तर ८-९ चं, तेही चालतं. २४ पॉइंटवाल्या स्लाइड सहा-सहा लावल्या तर मात्र अक्षर सहाच्या आसपास जातं, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर त्यातले अनुस्वार जातात. पानाच्या उजवीकडे लिहायला जागा हवी असेल तर पॉवरपॉइंटच्या हँडआउटमध्ये तीन स्लाइडची मांडणी घ्या, शेजारी रेघा आपोआप येतात.